गॅस भरण्याआधी : गाडीचा एसी गरम हवा का फेकतो?

गाडीचा एसी गारवा तयार करत नाही. तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एवढे ध्यानात ठेवले की गरम हवा फेकणाऱ्या एसीचे निदान बरेच सोपे होते. एक तर आतली उष्णता उचलली जात नसते, किंवा उचललेली पुढे वाहून नेली जात नसते, किंवा नेलेली बाहेर टाकली जात नसते. नाही तर गार झालेल्या हवेत हीटरची गरम हवा मिसळत असते. या चारांपैकी एक घडल्याशिवाय व्हेंटमधून गरम हवा येत नाही. रत्नागिरीसारख्या समुद्रकाठच्या गावात या बिघाडांना वाव देणाऱ्या गोष्टी मुबलक आहेत : खारा वारा, दमट हवा, जांभ्याची तांबडी धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस. तरीही एसी कमी गार लागू लागला की सर्वांत आधी एकच उपाय सुचवला जातो, ‘गॅस भरून घ्या.’ गॅस भरल्यावर काही दिवस बरे वाटते आणि दुखणे पुन्हा डोके वर काढते. कारण गॅस कमी होणे हे लक्षण आहे. रोग दुसरीकडेच असतो.

गारवा येतो कुठून

बंदरावरच्या मासळीला लागणारा बर्फ ज्या तत्त्वावर कारखान्यात तयार होतो, त्याच तत्त्वावर गाडीचा एसी चालतो. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषतो आणि वाफेचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता सोडतो. एसीमध्ये हे काम रेफ्रिजरंट करते. गॅरेजच्या भाषेत त्याला सरसकट ‘गॅस’ म्हणतात. गेली अनेक वर्षे गाड्यांत वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस साध्या वातावरणीय दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्यावरचा दाब कमी-जास्त करून तो कुठे उकळावा आणि कुठे द्रव व्हावा, हे ठरवता येते.

इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबून गरम करतो. हा गरम गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीत जातो. तिथे त्याचे तापमान ५५ ते ६० अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा ३३ अंशांची असली तरी ती त्यापेक्षा थंडच असल्याने गॅसची उष्णता घेऊन जाते आणि गॅस द्रव होतो. पुढे ड्रायर त्यातला ओलावा आणि कचरा टिपून घेतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून हा द्रव एकदम कमी दाबात सुटतो आणि शून्य अंशाच्या जरा वरच्या तापमानाला उकळू लागतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये हे उकळणे चालते. ब्लोअरची हवा त्या कॉइलवरून जाते, आपली उष्णता कॉइलला देते आणि गार होऊन आत येते. कॉइलमधला गॅस परत कॉम्प्रेसरकडे जातो आणि फेरा पुन्हा सुरू होतो.

हे सगळे बंद वर्तुळ आहे. पेट्रोल जळते, इंजिन ऑइल काळे पडते; पण एसीतला गॅस वापरला जाऊन संपत नाही. रबरी होज आणि सील यांतून वर्षानुवर्षांत थोडा गॅस झिरपतो, तेवढेच. छोट्या गाडीत मुळात भरलेला गॅस साधारण ३०० ते ५०० ग्रॅम असतो. तो एकाच उन्हाळ्यात निम्म्यावर आला, तर कुठेतरी भोक आहे, असेच समजावे.

रत्नागिरीची हवा आणि एसीचे ओझे

मे महिन्यात नागपूरचा पारा ४२ अंशांवर जातो, तर रत्नागिरीचा ३३च्या आसपास राहतो. त्यामुळे रत्नागिरीत एसीला काम कमी पडत असेल, असे वाटणे साहजिक आहे. हिशेब मात्र उलटा निघतो. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम पाण्याची वाफ असते. ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रतेच्या हवेत ती जेमतेम ११ ग्रॅम असते. हवा गार करताना ही वाफ कॉइलवर पाणी होऊन उतरते आणि वाफेचे पाणी होताना सुटणारी उष्णताही एसीलाच उचलावी लागते. म्हणून बाहेरून घेतलेली एक किलो हवा सारख्याच तापमानापर्यंत उतरवायला रत्नागिरीच्या एसीला नागपूरपेक्षा जास्त उष्णता काढावी लागते. नागपूरच्या उन्हात तापलेल्या गाडीचे ओझे वेगळे असतेच. पण दमट हवेचे ओझे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते विसरले जाते.

यातूनच पहिली आणि बिनखर्चाची तपासणी निघते. डॅशबोर्डवर हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण असते. ते बंद राहिले तर ब्लोअर सतत बाहेरची दमट हवा ओढत राहतो आणि यंत्रणा ठणठणीत असूनही गाडी गार होत नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीतले तापमान ५० अंशांच्या वर जाते. अशा वेळी आधी काचा उघडून एक-दोन मिनिटे गाडी चालवावी, आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मग काचा चढवून हे बटण दाबावे.

दुसरी तपासणी गाडीखालच्या जमिनीवर होते. कॉइलवर जमलेले पाणी एका रबरी नळीतून गाडीखाली टपकते. रत्नागिरीच्या दमट दिवशी एसी दहा-पंधरा मिनिटे चालवून गाडी उभी केली, तर खाली पाण्याचे छोटे थारोळे दिसायलाच हवे. ते दिसले आणि तरीही आत गरम हवा येत असेल, तर कॉइल गार होते आहे आणि दोष हवेच्या वाटेत आहे. जमीन कोरडी राहिली, तर कॉइल गार होतच नाही. दोष गॅस, कॉम्प्रेसर किंवा विजेच्या जोडणीत शोधावा लागतो. जमीन कोरडी आणि पुढच्या सीटखालचे कार्पेट ओले, असे असेल तर पाण्याची नळी पालापाचोळ्याने किंवा मातीने तुंबली आहे. आंब्या-फणसाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा प्रकार वारंवार घडतो, कारण पुढच्या काचेच्या बुडाशी साचलेला पाला हवेच्या वाटेने आत जातो.

लक्षण सांगते रोग

बॉनेट उघडण्याआधी एसी कधी गरम होतो, याकडे नीट लक्ष दिले तर निम्मे निदान होते.

गाडी पळत असताना गार आणि थांबली की गरम, असे होत असेल तर कंडेन्सरला वारा मिळत नाही. वेगात समोरचा वारा जाळीतून जातो. गाडी उभी राहिली की ते काम पंख्याने करायचे असते. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर वाहनांच्या रांगा लागतात आणि तासन्‌तास गाडी कासवगतीने चालते. तोवर बरा वाटणारा एसी अशा वेळी नेमका दगा देतो, तो या कारणाने. पंख्याची मोटर, तिचा रिले, फ्यूज किंवा वायर यांपैकी एक गेलेले असते, नाही तर जाळी चिखलाने भरलेली असते.

सुरुवातीला उत्तम गार, अर्ध्या-पाऊण तासाने हवेचा जोर कमी होत जातो आणि मग कोमट हवा येते. एसी पंधरा मिनिटे बंद ठेवला की पुन्हा सगळे ठीक होते, हे कॉइलवर बर्फ जमल्याचे लक्षण आहे. बर्फाने कॉइलच्या फटी बुजतात आणि हवा जायला वाट राहत नाही. कॉइलचे तापमान मोजणारा सेन्सर नीट काम करत नसेल, केबिन फिल्टर धुळीने बंद झाला असेल किंवा ब्लोअर मंद पडला असेल, तर असे होते. कोकणात हवेतच पाणी जास्त, त्यामुळे बर्फ लवकर जमतो.

हवा भरपूर येते पण कधीच गार नसते, हे कॉम्प्रेसर चालू न होण्याचे किंवा गॅस फार कमी असल्याचे लक्षण आहे. डावीकडच्या आणि उजवीकडच्या व्हेंटमधून वेगवेगळ्या तापमानाची हवा आली तर गॅस कमी असू शकतो. कॉइलचा एकच भाग गार होतो. डॅशबोर्डच्या आत गरम आणि गार हवा मिसळणारे झाकण अडकले असले तरी असेच होते. ते छोटी मोटर किंवा तार हलवते; मोटरचे दाते तुटले की झाकण हीटरच्या बाजूला राहते आणि एसी कितीही चांगला चालला तरी हवा गरमच लागते.

एक लक्षण मात्र रोगाचे नाही. आंबा घाट चढताना गिअर खाली घेऊन अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की काही क्षण एसी सोडून दिल्यासारखा वाटतो. छोट्या इंजिनाला सगळी ताकद चाकांना देता यावी म्हणून गाडीचा कॉम्प्युटर तेवढा वेळ कॉम्प्रेसर बंद करतो. इंजिन तापले तरी तो हेच करतो. म्हणून घाटात एसी वारंवार बंद पडत असेल तर आधी इंजिनच्या तापमानाचा काटा आणि कूलंटची पातळी पाहावी.

बॉनेट उघडल्यावर

इंजिन चालू, एसी चालू, ब्लोअर पूर्ण वेगात, अशा स्थितीत कॉम्प्रेसरकडे पाहावे. हात, कपड्याचे टोक आणि ओढणी पट्ट्यापासून लांब ठेवावी. जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरच्या पुलीपुढे एक चकती असते. एसी लावला की ‘टक’ आवाज होतो आणि चकती पुलीबरोबर फिरू लागते. हा चुंबकी क्लच. चकती थांबलेली असेल तर कॉम्प्रेसर कामच करत नाही. मग फ्यूज आणि रिले पाहावेत. शेजारचा त्याच मापाचा रिले अदलून बदलून पाहणे हा गॅरेजमधला जुना आणि खात्रीचा उपाय आहे. क्लचपर्यंत १२ व्होल्ट पोहोचत असूनही तो ओढत नसेल तर त्याची कॉइल जळालेली आहे किंवा चकती झिजून फट वाढलेली आहे. ही फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते; ती वाढली की गार इंजिनावर क्लच ओढतो आणि तापल्यावर सोडून देतो. अनेक नव्या गाड्यांत क्लचच नसतो. कॉम्प्रेसर कायम फिरतो आणि आतला व्हॉल्व्ह त्याचे काम कमी-जास्त करतो. अशा गाडीचे निदान स्कॅनर लावूनच होते.

क्लचला वीजच पोहोचत नसेल तर प्रेशर स्विचकडे पाहावे. गॅसचा दाब सुमारे २ बारच्या खाली गेला किंवा ३० बारच्या आसपास चढला की हा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. त्याला वायर जोडून बगल देणे अतिशय चुकीचे आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. गॅस नसताना कॉम्प्रेसर चालवला तर तेल मिळत नाही आणि काही मिनिटांत तो आतून खरवडला जातो. पावसाळ्यात गाडीच्या उबेला आलेले उंदीर वायरी कुरतडतात, हेही कारण कोकणात विसरता येत नाही. काळ्या आवरणाला दातांच्या खुणा दिसल्या तर तिथूनच तपास सुरू करावा.

एसी चालू केल्यावर पंखा फिरतो का, हे पाहावे. मग नळ्यांना हात लावावा. आतून कॉम्प्रेसरकडे जाणारी जाड नळी गार आणि घामेजलेली हवी. कंडेन्सरकडून आत जाणारी बारीक नळी कोमट ते गरम हवी. कॉम्प्रेसरमधून निघणारी नळी चटका बसेल इतकी तापते, तिला हात लावू नये. जाड आणि बारीक नळीत काहीच फरक जाणवला नाही तर कॉम्प्रेसर गॅस दाबत नाही किंवा दाबायला गॅसच नाही.

गेजचे दोन काटे

पुढची पायरी मॅनिफोल्ड गेजची. निळे गेज कमी दाबाच्या बाजूला आणि लाल गेज जास्त दाबाच्या बाजूला लागते. इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखे असतात. ३० अंश तापमानाला आर-१३४एचा हा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो. इथेच अनेकदा फसगत होते. यंत्रणेत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो. निम्मा गॅस गेला असला तरी काटा ९७च दाखवतो. गॅस किती आहे, हे बंद गाडीच्या दाबावरून कळत नाही. काटा फार खाली असेल तर गॅस जवळजवळ संपला आहे, एवढेच कळते.

इंजिन १५०० फेऱ्यांवर ठेवून एसी चालवला की निळा काटा साधारण २५ ते ४५ आणि लाल काटा १५० ते २५० पीएसआयच्या दरम्यान राहतो. हवा गरम आणि दमट असेल तर दोन्ही जरा वर असतात. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी आहे. दोन्ही वर असतील तर गॅस जास्त भरला आहे, आत हवा शिरली आहे, किंवा कंडेन्सर उष्णता टाकत नाही. अशा वेळी जाळीवर पाण्याचा फवारा मारून पाहावा. काटे लगेच उतरले तर दोष पंख्याचा किंवा जाळीतल्या घाणीचा आहे. निळा काटा फार खाली, प्रसंगी शून्याच्याही खाली जात असेल आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर हिम दिसत असेल तर तिथली वाट तुंबली आहे. थोडा वेळ गार आणि थोडा वेळ गरम, असे आलटून पालटून होत असेल तर आतला ओलावा व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतो आणि वितळतो. निळा काटा वर आणि लाल काटा खाली, दोन्ही एकमेकांजवळ आले असतील तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे.

याचा अर्थ एवढाच, की गरम हवेच्या मागे निदान पाच-सहा वेगवेगळे बिघाड असतात आणि त्यांतल्या एकाच बिघाडात गॅस कमी असतो. पंखा बंद असताना वरून गॅस भरला तर लाल काटा आणखी चढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि किरकोळ रिलेच्या जागी कॉम्प्रेसर बदलण्याची पाळी येते.

गळतीचा शोध

गॅस कमी असल्याचे नक्की झाले की गळती शोधावी लागते. समुद्रकाठी पहिला संशयित कंडेन्सर. तो गाडीच्या नाकाशीच असतो. खारट हवेतला ओलावा त्याच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमवर बसतो, त्यावर तांबडी धूळ चिकटते, आणि हा ओलसर थर धातू हळूहळू खातो. भाट्ये, मांडवी, आरे-वारे अशा किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या गाडीच्या जाळीची पाती हाताला लागताच भुगा होऊन पडतात. महामार्गावर पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेली खडीही जाळीला लागते.

एक खूण नीट पाहण्यासारखी आहे. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात किंवा नळीच्या सांध्यापाशी रुपयाच्या नाण्याएवढा काळपट, ओलसर डाग दिसतो. आसपासची धूळ सुकी, तांबडी आणि फुंकरीने उडणारी. या डागावरची मात्र बसून राहिलेली, बोटाला तेलकट लागणारी. गॅस उडून जातो, पण त्याच्याबरोबर आलेले तेल मागे राहते आणि धुळीला धरून ठेवते. तो डाग म्हणजे गळतीचा पत्ता. त्यावर साबणाचे पाणी लावले आणि आत दाब असला तर बुडबुडे येतात.

दुसरे संशयित म्हणजे सांध्यातल्या रबरी रिंगा, होजचे दाबून बसवलेले टोक, गॅस भरायच्या तोटीतला छोटा व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील. महिनोन्‌महिने एसी न लावलेल्या गाडीत हे सील कोरडे पडून गळू लागते. सुट्टीत मुंबईहून येऊन वापरली जाणारी आणि एरवी अंगणात झाकून ठेवलेली गाडी यात हमखास सापडते.

सर्वांत अवघड गळती कूलिंग कॉइलची. ती डॅशबोर्डच्या आत असते. इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरचे टोक पाण्याच्या नळीच्या तोंडाशी धरले आणि तो वाजू लागला, तर डॅशबोर्ड न उघडता संशय पक्का होतो. बारीक गळतीसाठी यंत्रणेत चमकणारा डाय सोडतात आणि काही दिवसांनी अल्ट्राव्हायोलेट बॅटरीच्या उजेडात पाहतात. गळतीच्या जागी तो हिरवट-पिवळा उजळतो. यंत्रणा रिकामी असेल तर कोरडा नायट्रोजन सुमारे १० बार दाबाने भरून काटा स्थिर राहतो का, हे पाहणे हा विश्वासाचा मार्ग आहे. टायरमध्ये भरायची साधी दाबलेली हवा यासाठी वापरू नये. तिच्यात ओलावा असतो आणि दाबाखाली आर-१३४ए व हवेचे मिश्रण पेट घेऊ शकते. गळती बुजवणारे रसायनाचे डबेही टाळावेत. ते गळतीबरोबर व्हॉल्व्ह आणि गॅस काढण्याचे यंत्रही बुजवतात.

नीट दुरुस्ती कशी होते

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी उरलेला गॅस यंत्राने काढून घेतला जातो. मग खराब भाग बदलला जातो. उघडलेल्या प्रत्येक सांध्यात नवी, तेल लावलेली रिंग बसवली जाते. यंत्रणा उघडली की ड्रायर बदलायचा, कारण त्यातले रसायन हवेतला ओलावा भराभर पिऊन निकामी होते. कोकणच्या हवेत तर उघड्या नळ्यांची तोंडे लगेच टोपणाने बंद करावी लागतात. बदललेल्या भागाबरोबर गेलेले तेल कंपनीने सांगितलेल्या प्रकारात आणि मापात परत घातले जाते. कॉम्प्रेसर फुटून आत धातूचा चुरा फिरला असेल तर नवा कॉम्प्रेसर बसवून भागत नाही. कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक वाटांतला चुरा धुऊन निघत नाही, म्हणून कंडेन्सर, ड्रायर आणि व्हॉल्व्हही बदलावे लागतात.

त्यानंतर व्हॅक्यूम. याला घाई चालत नाही. ३० अंशांना पाणी उकळण्यासाठी दाब सुमारे ४२ मिलिबारच्या खाली यावा लागतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०१३ मिलिबार असतो. चांगला पंप निदान अर्धा-पाऊण तास चालवला की आतला ओलावा वाफ होऊन निघून जातो. मग पंप बंद करून पंधरा-वीस मिनिटे काटा पाहतात. तो हलला तर गळती अजून आहे. काटा स्थिर राहिला की गॅस वजनकाट्यावर मोजून भरला जातो. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात. ४०० ग्रॅमच्या यंत्रणेत १०० ग्रॅमची चूक म्हणजे पंचवीस टक्क्यांची चूक. काट्याच्या अंदाजाने भरलेल्या गॅसमध्ये ती सहज होते.

शेवटी मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर ठेवून पाहावे. हवा आतल्या आत फिरत असताना चांगला एसी ६ ते १२ अंशांची हवा देतो. दमट दिवशी आकडा वरच्या टोकाला असतो, हे गृहीत धरावे.

गॅस कोणता आणि तो सोडून का देऊ नये

जुन्या गाड्यांत आर-१२ होता. तो ओझोनच्या थराला भोके पाडतो म्हणून १९८७च्या माँट्रियल कराराने त्याचा वापर थांबवण्याचे ठरले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. म्हणजे ४०० ग्रॅम गॅस हवेत सोडणे हे अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. २०१६च्या किगाली दुरुस्तीनुसार असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत. भारताने तिला २०२१ मध्ये मान्यता दिली असून इथली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत चालणार आहे. युरोपात २०१७ पासून नव्या गाड्यांत आर-१३४ए चालत नाही. तिथे मुख्यतः आर-१२३४वायएफ वापरतात. तो थोडा ज्वालाग्राही असतो आणि आर-१३४एबरोबर मिसळायचा नसतो. घरगुती सिलिंडरचा किंवा तत्सम पेट घेणारा गॅस एसीत भरणे म्हणजे डॅशबोर्डमागे आगीची सोय करून ठेवणे आहे.

द्रवरूप गॅस कातडीवर किंवा डोळ्यात उडाला तर तो भाग गोठतो. ज्वाळेच्या संपर्कात आला तर विषारी वायू तयार होतो. म्हणून नळ्या सैल करणे आणि गॅस भरणे ही कामे घरी करायची नाहीत. इलेक्ट्रिक गाडीत तर कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतो आणि त्याचे तेलही वेगळे असते. नारिंगी वायरींना हात न लावता ते काम त्याचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडेच द्यावे.

गाडीमालकाच्या हातचे

खर्च वाचवणारी कामे साधी आहेत. महिन्यातून एकदा, किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी दर आठवड्याला, कंडेन्सरवर साध्या नळीने गोड्या पाण्याचा हलका फवारा मारावा. जोरदार प्रेशर वॉशरने पाती वाकतात आणि वाराच अडतो. केबिन फिल्टर उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळ्यानंतर पाहावा. काचेच्या बुडाशी साचलेला पाला काढावा. पावसाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवावा. त्याने सील ओले राहते आणि काचांवरची वाफही जाते.

आणि गॅरेजमध्ये गेल्यावर गॅस भरायला सांगण्याआधी एक प्रश्न विचारावा : गळती कुठे सापडली? याचे उत्तर बोटाने दाखवता आले, बिलावर बदललेल्या भागाचे नाव आणि भरलेल्या गॅसचे ग्रॅम लिहिले गेले, तर ती दुरुस्ती. उत्तर नसेल तर भरलेला गॅस पुन्हा त्याच भोकातून जाणार, हे नक्की.